पाहून सांगतो

मला उर्दू वाचता येत होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं ते लपवायचा मोह होईल. निजामाच्या राज्यात आदिलाबादला शाळेत गेलेल्या माझ्या वयाच्या सगळ्यांनाच येत होतं. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि पाटीवर उर्दू, असंच आमचं बालपण गेलं. तरीही, छप्पन साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटातली उर्दू पुस्तकं मी एकही न उघडता गठ्ठ्यांत बांधली आणि जुन्या सरकारी कागदांबरोबर तहसील कचेरीत पाठवून दिली. ती रसायनशास्त्राची पुस्तकं होती. एका माणसाचं सगळं शिकवणं त्यांच्यावर उभं होतं, आणि ते मला माहीत होतं.

त्या माणसाचं नाव केशवराव. शाळेत आणि गावात त्यांना कीमिया मास्टर म्हणत. कीमिया म्हणजे रसायन. ते जैनथकडचे, पैनगंगेच्या अलीकडच्या एका खेड्यातले. घरची शेती कापसाची आणि ज्वारीची. त्या घरातला हा एकच पोरगा हैदराबादला जाऊन रसायनशास्त्र शिकून आला, आणि ते शिकला सगळं उर्दूतून, कारण तेव्हा तिथं विद्यापीठातसुद्धा शिकवणं उर्दूतूनच चालायचं. त्यामुळं त्यांच्या तोंडी आम्ल हा शब्द कधी आला नाही, ते तुरशा म्हणायचे. अणूला जौहर, द्रावणाला महलूल. वाक्य मात्र अस्सल जैनथचं. "ह्या महलूलात तुरशा जास्त झाला बापा, हातावर सांडवशीन."

मी बाविसाव्या वर्षी त्या शाळेत विज्ञानाचा दुय्यम मास्तर म्हणून लागलो. पहिल्याच दिवशी मी त्यांना काहीतरी विचारलं. मोरचूद किती तापवलं म्हणजे त्याचा निळा रंग जातो, असं काहीसं. ते गेली पंधरा-वीस वर्षं हे पोरांना दाखवत आलेले. मला वाटलं, आकडा फेकतील.

"पाहून सांगतो," म्हणाले.

मग त्यांनी खिळ्यावरचं पांढरं फडकं काढलं, हात पुसले, नखंसुद्धा पुसली. कपाट उघडलं. आत कडुलिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा वास आणि एका ओळीत तांबड्या कापडी बांधणीची जाडजूड पुस्तकं. कीमियाच्या मोठ्या किताबीचे तीन भाग, एक परिभाषेचा कोश, आणि एक इंग्रजी आकड्यांची किताब, जिच्यात कोणता पदार्थ किती उष्णतेला वितळतो, किती विरघळतो, याची कोष्टकंच कोष्टकं होती. सगळी एकाच बाइंडरकडून बांधून घेतलेली, पाठीवर उर्दू अक्षरांची चिठ्ठी.

"काढ," म्हणाले. मी सरळ मधूनच पुस्तक उघडलं. त्यांनी माझ्या हातावर हळूच टिचकी मारली.

"असा आंधळ्यावानी काऊन घुसतं? दाराची कडी वाजव आधी."

कडी म्हणजे शेवटची सूची. आधी सूची, मग पान, मग पानाच्या तळाची बारीक टीप. तळटीप न वाचता पुस्तक मिटणारा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी ताटावरून भात यायच्या आधी उठलेला माणूस. एका किताबीत सापडलं की दुसरीत पाहायचं. दोन्ही जुळल्या तर खरं. नाही जुळल्या तर दिवा पेटवून करून पाहायचं. आणि पाहून झालं की पानात ज्वारीच्या धांड्याची सोललेली चपटी पट्टी ठेवायची. कागदाची खूण त्यांना चालत नसे. म्हणायचे, कागदात कागद हरवते.

"पण मास्टरसाब, तुमाले तं पाठ असन ना?"

"हाव, हाय पाठ. म्हनूनच तं पाहाचं. ज्याले येत नाई तो पाहातेच. ज्याले येते तोच चुकते."

या सवयीचा गावात फार विनोद व्हायचा. रेशनच्या रांगेत कोणी विचारलं, मास्टर, आज वार कोणता, की दुसराच कोणी ओरडायचा, "पाहून सांगतीन!" त्यांची बायको अनसूयाकाकू त्यात सगळ्यांच्या पुढं. एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "मले पाहाले आले होते ना, तवाची गोष्ट. माह्या बापानं इचारलं, जावईबापू, पोरगी पसंत हाय का? तं हे म्हनले, पाहून सांगतो. म्या समोरच बसून होती!"

केशवराव चष्मा पुसत राहिले. "ते बी सांगाचं राह्यलंच हाय अजून," म्हणाले.

पण एकदा त्यांचं हे पाहून सांगणं माझ्या डोळ्यांदेखत कामी आलं. आमचा शिपाई नरसय्या विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर घेऊन प्रयोगशाळेची मोरी घासत होता. डाग निघेना म्हणून त्यानं तेजाबाची बाटली उचलली. केशवरावांनी दारातूनच विचारलं, दोन्ही एकत्र करणार का. तो हसून म्हणाला, "हाव मास्टरसाब, फस्क्लास सफा होता."

"थांब. पाहून सांगतो."

नरसय्यानं माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले. पण थांबला. केशवरावांनी पान काढलं, वाचलं, दुसऱ्या किताबीत वाचलं आणि मग शांतपणे त्याच्या हातातली बाटली घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात, वाऱ्याची दिशा पाहून, चिमूटभर पावडरीवर दोन थेंब तेजाब टाकून दाखवलं. पिवळट धूर निघाला आणि लांब उभे असलेले आम्ही खोकायला लागलो. नरसय्यानं दोन्ही कानांना हात लावले. बंद खोलीत काय झालं असतं ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यानंतर तो कपाटाजवळून जाताना देवळाजवळून जावं तसा जाऊ लागला.

मी मात्र तसा गेलो नाही. मला ते कपाट खुपत होतं.

त्या दिवसांत सगळंच अस्थिर होतं. आपण इकडं तेलुगू राज्यात राहणार की नदीपलीकडं मराठी राज्यात जाणार, हीच चर्चा पानाच्या टपरीपासून मास्तरांच्या खोलीपर्यंत. कोणी म्हणे मराठी शाळा बंद होणार, कोणी म्हणे तेलुगू न येणाऱ्यांना घरी बसवणार. केशवरावांना मी विचारलं, तुमचं काय मत? ते म्हणाले, "पैनगंगेचं पानी त्या काठावर येगळं उकळते का? नाई उकळत." मग थोडं थांबून, "तरी पाहून घेऊ." सगळे हसले. पण त्यांची बोटं टेबलावर वाजत होती. त्यांची पदवी गेलेल्या राज्याची आणि भाषाही त्याच राज्याची. नव्या साहेबांना ती चालेल का, हे त्यांना कुठल्या किताबीत सापडणार होतं?

आणि मला इंग्रजीतून नवं पाठ्यपुस्तक आलं होतं. मी ते छातीशी धरून हिंडत होतो. पोरं माझ्याशी बोलताना आम्ल, द्रावण म्हणायची आणि त्यांच्याशी तुरशा, महलूल. मला वाटायचं, आता आपलं राज्य आलं.

नव्या सरकारकडून हुकूम आला की शाळेतलं जुनं उर्दू दफ्तर तहसीलला जमा करा. नंतर इन्स्पेक्टर साहेब पाहणीला येणार. हेडमास्तरांनी ते काम माझ्याकडं दिलं. केशवराव तेव्हा मुलीच्या लग्नासाठी रजेवर गावी गेले होते. मी आणि नरसय्यानं हजेरीपट, जुना पत्रव्यवहार, जमाखर्च, सगळं लाल कापडाच्या बस्त्यांत बांधलं. दुपारी प्रयोगशाळेत आलो. मला माझ्या नव्या काचेच्या नळ्या आणि बाटल्यांसाठी जागा हवी होती. कपाट उघडलं.

नरसय्या म्हणाला, "सार, ये भी?"

"उर्दू आहे ना? मग हे भी."

"ये तो मास्टरसाब के किताबां हैं सार."

"सरकारी कपाटातलं सरकारी. बांध."

पाठीवरची चिठ्ठी वाचायला मला एक क्षण पुरला असता. मी वाचली नाही. खरं सांगायचं तर वाचायची नाही असं ठरवलं, कारण वाचली असती तर बांधता आली नसती. त्यात ती इंग्रजी किताबसुद्धा गेली. तिच्याही पाठीवर उर्दू चिठ्ठी होती.

इन्स्पेक्टर साहेब आले त्याच सकाळी केशवराव गावाहून परतले. मोटारीतून उतरून तसेच शाळेत. कपाळावर हळदीचा डाग, डोक्यावर काळी टोपी. साहेब प्रयोगशाळेत खुर्चीवर बसले, शेजारी हेडमास्तर, मागं मी. साहेब मूळचे पानाचे शौकीन असावेत. चांदीची चुन्याची डबी काढून पानाला चुना लावता लावता त्यांनी हिंदीत विचारलं, "बताइए मास्टरजी, यह चूना गरम पानी में ज़्यादा घुलता है कि ठंडे में?"

प्रश्न सहज होता, जवळजवळ थट्टेचा. केशवराव नेहमीसारखे म्हणाले, "देखके बताता हूँ साहब."

खिळ्यावरचं फडकं घेतलं. हात पुसले. साहेब गंमतीनं पाहत होते. कपाट उघडलं.

आत माझ्या नळ्या होत्या.

त्यांनी खालचा कप्पा पाहिला. वरचा पाहिला. दार लावून पुन्हा उघडलं. नंतर माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखादं पान जागेवर नसलं की ते सूची पुन्हा पाहायचे, तसं पाहिलं. मी नजर नळ्यांकडं वळवली.

साहेब म्हणाले, "इतनी-सी बात के लिए किताब? आप बीस साल से पढ़ा रहे हैं."

"बिना देखे नहीं बोलता साहब."

साहेबांनी माझ्याकडं हनुवटी केली. आणि मी बोललो, इंग्रजी शब्द पेरत, पाठ केलेला नियम म्हणावा तसं: "गरम पानी में, सर. गरम पानी में हर चीज़ ज़्यादा घुलती है."

"शाबाश," साहेब म्हणाले. हेडमास्तर हसले. केशवरावांनी फडक्याची घडी करून ते पुन्हा खिळ्यावर अडकवलं.

शेऱ्यात काय लिहिलं ते नंतर कळलंच. विषयाचं प्राथमिक ज्ञान नाही. महिन्याभरात त्यांची बदली बाजारहत्नूरच्या प्राथमिक शाळेत झाली. चौथीच्या पोरांना पाढे आणि शुद्धलेखन. प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या.

जायच्या आधी त्यांनी एवढंच विचारलं, "किताबा कुठं गेल्या बापा?"

"तहसीलला गेल्या असतील चुकून. आणतो ना मी."

मी गेलोही, एकदा. कारकून म्हणाला उद्या या. तो उद्या मी कधी उजाडू दिला नाही. ते स्वतः मात्र सुट्टी काढून काढून येत राहिले. कचेरीतले लोक हसायचे, "मास्टर, यहाँ ज़मीन का हिसाब है, कीमिया का नहीं." आत कोणी सोडलं नाही. एकदा बाजारात मला दिसले, कचेरीच्या पायरीवर बसलेले, डबा सोडून भाकर खात. मी दुसऱ्या गल्लीनं गेलो.

नंतर बरीच वर्षं. मी त्याच शाळेत राहिलो, शिकवत राहिलो. चांगला मास्तर म्हणून नाव झालं. पण एक अस्वस्थता अशी लागली की कपाट उघडताना आधी माझा हात थबके. कोणी पोरानं साधा प्रश्न विचारला तरी उत्तर जिभेवर असायचं आणि ते बोलताना नजर कपाटाकडं जायची. पुस्तक पाहायची सवय मात्र मी लावून घेतली नाही. पाहिलं असतं तर कपाटाकडं जावं लागलं असतं.

मग वडील वारले आणि शेताच्या जुन्या नोंदीसाठी मला तहसील कचेरीत जावं लागलं. तोवर तिथं उर्दू वाचणारा कोणी उरला नव्हता. तरुण कारकुनानं दफ्तरखान्याचं दार उघडून दिलं. "तुमीच पाहा गुरुजी. आमाले काई समजत नाई यातलं."

मी बस्ते सोडत बसलो. आमच्या गावचा सापडेना म्हणून शेजारचे सोडले. नेरडीगोंड्याच्या एका बस्त्याची गाठ सोडली, आणि लाल कापडातून कडुलिंबाचा वास आला.

तिन्ही भाग होते. कोश होता. आकड्यांची किताब होती. पानांत ज्वारीच्या पट्ट्या तशाच. वरच्या कापडावर कोणीतरी गावाचं नाव घातलं होतं आणि कोणीच, माझ्यासारखंच, आत काय आहे ते पाहिलं नव्हतं.

कारकून म्हणाला, "आपलं नाई हे? मंग घेऊन जा ना. तेवढंच वझं कमी."

केशवराव तेव्हा नोकरी संपवून गावी राहत होते. जैनथपर्यंत बस, तिथून ऑटो. अंगणात बाजेवर बसून कापसातली सरकी वेचत होते. फार वाळले होते, टोपी तीच. मी बस्ता बाजेवर ठेवला. त्यांनी वासावरूनच ओळखलं असावं. आत गेले, हात धुऊन पुसत आले, नखंसुद्धा. एकेका किताबीच्या पाठीवरून बोट फिरवलं. मी वाट पाहत होतो, काय म्हणतील.

म्हणाले, "चुना काढ."

"मास्टरसाब..."

"त्या साहेबाले म्हनलं होतं मी, पाहून सांगतो. सांगाचं राह्यलं हाय."

डोळ्यांवर चष्मा होता. तरी किताब त्यांनी माझ्याकडं सरकवली. "तू वाच. तुले येते ना."

तेवढंच बोलले. मला आजवर कोणी दिलेली सगळी शिक्षा तेवढ्या शब्दांत आली.

मी सूची काढली, मग पान. इतक्या वर्षांनी ती अक्षरं जोडत मोठ्यानं वाचू लागलो. "चूना... गरम पानी में... सर्द पानी के मुक़ाबले..." इथं माझा आवाज थांबला.

"वाच ना."

"...कम हल होता है." म्हणजे कमी विरघळतो.

"तळची टीप?"

तळटिपेत लिहिलं होतं की चुन्याची स्वच्छ निवळी तापवली तर ती गढूळ होते.

"दुसऱ्या किताबीत पाह्य."

दुसरीत कोष्टक होतं. पाणी जसं तापत जाई तसा आकडा उतरत जाई. उकळत्या पाण्यात तर तो थंडपेक्षा निम्म्याच्याही खाली. गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं, असं मी त्या दिवशी छाती काढून सांगितलं होतं. आणि त्यानंतर वर्गामागून वर्गांना शिकवलं होतं.

आतून अनसूयाकाकूंचा आवाज आला. "बाजारहत्नूरले असतानी माह्या चुलीवर तपेलीत हेच करून पाह्यलं होतं यायनं! निवळी ठेवली, दुधावानी झाली. माही चांगली तपेली गेली."

मी केशवरावांकडं पाहिलं. "म्हणजे तुमाले माहीत होतं? मी चुकलो होतो ते?"

"करून पाह्यलं होतं. लिहून असलेलं पाहाचं राह्यलं होतं."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

ते सरकी वेचत म्हणाले, "तू इचारलं कवा?"

मी बाजेवरून उठून खाली मातीत बसलो आणि सांगितलं. की किताबा चुकून नाही गेल्या, मी पाठवल्या. नरसय्यानं अडवलं होतं. चिठ्ठी मला वाचता येत होती. साहेबांपुढं पाहिल्याशिवाय बोललो ते शाबासकीसाठी. कचेरीत दुसऱ्यांदा गेलो नाही. पायरीवर भाकर खाताना तुम्हाला पाहिलं आणि गल्ली बदलली. तुमचा वर्ग, तुमचं नाव माझ्यामुळं गेलं. मले माफ करा.

आतून काकू म्हणाल्या, "आता बी पाहून सांगतीन!"

केशवराव हसले नाहीत. माफ केलं असंही म्हणाले नाहीत. सरकी वेचत राहिले. मग म्हणाले, "माह्या वर्गाचं सोड. पोराईले सांगतलं का?"

"काय?"

"चुन्याचं."

"आत्ताच तं कळलं मास्टरसाब."

"मंग जाय. ज्याईले उलटं शिकवलं त्याईले सांग. माह्यापाशी बसून काय होते?"

निघताना फाटकातून वळून पाहिलं. ते बाजेवर पाय दुमडून बसले होते, मोठी किताब मांडीवर, चष्मा कपाळावर चढवलेला, नाक पानाला लागेल इतकं जवळ. ओठ हलत होते. चुन्याच्या पानात ठेवायला त्यांनी धांड्याची एक नवी पट्टी सोलली होती आणि ती दातांत धरली होती. मला त्यांनी पाहिलं नाही. तेच त्यांचं शेवटचं दर्शन. पुढच्या उन्हाळ्यात गेल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. पोरांसमोर निवळी तापवली, ती दुधासारखी झाली, पोरं हसली. पण जे आधी शिकून गेले ते कुठं कुठं असतील. कोणी नदीपलीकडं यवतमाळला, कोणी हैदराबादला, काही स्वतः मास्तर झाले असतील आणि माझंच वाक्य पुढं शिकवत असतील. त्या सगळ्यांना मी कुठं गाठणार? म्हणून हे लिहिलं. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पडलं तर: चुना गरम पाण्यात कमी विरघळतो, जास्त नाही. मी तुम्हाला न पाहता सांगितलं. माझी चूक झाली, मला माफ करा. आणि माझ्या शब्दावर जाऊ नका, एकदा स्वतः पाहून घ्या.